गांज्याचे गावरान बी कोण राखणार?

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

बँकॉकहून मुंबई विमानतळावर उतरलेल्या प्रवाशाच्या बॅगेत ‘हायड्रोपोनिक गांजा’ सापडला, ही बातमी अलीकडे इतक्या वेळा वाचायला मिळते की हायड्रोपोनिक ही गांज्याची एखादी जात असावी असे वाचकांना वाटू लागले असेल. ती जात नाही. मातीविना, पाण्यातून खते देऊन झाड वाढवण्याची ती रीत आहे. त्या रीतीने पालक वाढतो, टोमॅटो वाढतो, तसा गांजाही वाढतो. जात ठरते ती बियाण्यावरून, आणि बियाण्याबद्दल आपल्याकडे कोणी चकार शब्द काढत नाही. म्हणून हे पत्र.

मी बाजरीचा पैदासकार, म्हणजे नवे वाण काढणारा. राहुरी आणि धुळे धरून तेहतीस वर्षे कणसांना बटर पेपरच्या पिशव्या घालण्यात, सकाळी परागकण झटकून घेण्यात आणि खरीप संपला की वहीतल्या नोंदी जुळवण्यात गेली. निवृत्त होऊन आता बारा वर्षे झाली. गांजा मी कधी ओढला नाही आणि कोणी ओढावा असे माझे म्हणणे नाही. पत्र वाचून कोणी हौसेने गच्चीवर कुंडी ठेवू नये, एवढे आधीच सांगतो. 1985 च्या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कलम 20 नुसार लागवडीला दहा वर्षांपर्यंत सश्रम कारावास आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड आहे. त्या कलमात कुंडी आणि शेत असा भेद नाही.

गेल्या वर्षी जुलै ते सप्टेंबर मी मुलीकडे जर्मनीत होतो. तिथे 1 एप्रिल 2024 पासून अठरा वर्षांवरच्या माणसाला राहत्या घरी गांज्याची तीन झाडे लावता येतात. वाळलेला माल घरात 50 ग्रॅम आणि बाहेर जवळ 25 ग्रॅमपर्यंत ठेवता येतो. मुलांच्या हाती लागणार नाही अशी तजवीज करावी लागते आणि घरचा माल विकता येत नाही. मुलीच्या वरच्या मजल्यावर एक निवृत्त रेल्वे इंजिनचालक राहतात. “माझे बाबा बियाण्याच्या कामात होते,” असे तिने त्यांना सांगितले मात्र, दुसऱ्याच दिवशी त्यांनी मला बाल्कनी पाहायला बोलावले.

वेताच्या चटईच्या आडोशाला तीन कुंड्या होत्या. दोन झाडे कमरेएवढी, दाट, पानाची बोटे रुंद. तिसरे माझ्या डोक्याच्या वर गेलेले, पेर लांब, पान अरुंद. त्यांनी बियाण्याची रिकामी पाकिटे जपून ठेवली होती. युरोपीय संघातल्या दुसऱ्या देशातून असे बी टपालाने मागवायला त्या कायद्याने मुभा आहे. एका पाकिटावर ‘कुश’ हा शब्द होता, म्हणजे आपला हिंदुकुश. उंच झाडाच्या पाकिटावर कंपनीने लिहिले होते की याच्या एका बाजूच्या वंशात दक्षिण भारतातले झाड आहे. मुलगी वाचून दाखवत होती आणि ते माझ्याकडे पाहत होते. मग त्यांनी विचारले, “याचं मूळ झाड तुमच्याकडे आता कसं दिसतं?”

मला उत्तर देता आले नाही. आयुष्यभर बियाण्यात राहिलेल्या माणसाने या एका पिकाचे बी कधी वहीत नोंदवलेसुद्धा नव्हते. तो प्रश्न घेऊनच मी परत आलो.

या झाडाची शेतकऱ्याला समजेल अशी ओळख करून द्यायची तर पपई आठवावी. पपईत नर झाड वेगळे, मादी वेगळे. फुलोरा आला की कळते आणि मग जादा नर आपण काढून टाकतो. गांज्याचेही तसेच आहे. परागीभवन मात्र वाऱ्याने, आमच्या बाजरीसारखे. मादी फुलाला पराग मिळाला नाही तर बी धरत नाही, झाड नवी फुले काढत राहते आणि त्यांवर राळ दाटते. गांजा म्हणतात तो हाच बिनबियांचा फुलोरा. अमेरिकेत 1970 च्या दशकात ही नवी युक्ती म्हणून गाजली. पण आताच्या बांगलादेशातल्या नौगावचे शेतकरी एकोणिसाव्या शतकात हे काम ‘पोद्दार’ नावाच्या जाणकाराकडून करून घेत. तो ओळीओळीने फिरून फुलण्याआधीच नर ओळखी आणि मोडून टाकी. ब्रिटिश सरकारने 1893 मध्ये नेमलेल्या भांग-गांजा आयोगासमोर 1193 साक्षी झाल्या आणि 1894 च्या अहवालात ही सगळी शेती तपशिलाने आली. मुंबई इलाख्यातल्या लागवडीत आमच्या नगर जिल्ह्याचे नाव आहे. आमच्या भावकीतल्या एका वावराला अजून ‘गांज्याची पट्टी’ म्हणतात. तिथे आता कांदा असतो, आणि हे नाव का पडले हे पोरांना सांगावे लागते.

इंजिनचालकांच्या तिन्ही बिया ‘फक्त मादी निघेल’ अशा हमीच्या होत्या. हे कसे साधते, त्यांना ठाऊक नव्हते. ते मी सांगू शकलो आणि सांगताना मला अभिमान वाटला. दिल्ली विद्यापीठात प्रा. एच. वाय. मोहन राम आणि त्यांच्या सहकारी रीना सेट यांनी 1982 मध्ये शोधनिबंध प्रसिद्ध केला होता. मादी झाडावर चांदीच्या संयुगाचा प्रयोग केला की त्याला नर फुले येतात, त्या फुलांचा पराग कामाचा असतो, आणि दोन्ही बाजू मादीच असल्याने पुढची रोपे मादी निघतात. झाडाचे लिंग कशाने ठरते हा त्यांचा शुद्ध शास्त्रीय प्रश्न होता. आज युरोप-अमेरिकेतल्या बियाण्याच्या दुकानांत विकली जाणारी मादी बियांची पाकिटे याच तत्त्वावर तयार होतात. शोध दिल्लीत लागला, त्या पाकिटांतले वंश कितीतरी ठिकाणी हिंदुकुश आणि केरळाकडचे, आणि आपल्या वाट्याला आल्या जप्तीच्या बातम्या.

तिथे असतानाच एका बुटक्या झाडाच्या फुलोऱ्यात मला पिवळे परागकोश दिसले, केळीच्या इवल्या फण्यासारखे. मादी झाडावर असे अवचित नर फूल येते. मी दाखवले तेव्हा ते गृहस्थ हबकलेच. शेजारच्या घरांत आणखी कोणी झाडे लावली असतील तर त्यांच्यातही बी धरेल, हे त्यांच्या ध्यानात आले. त्यांनी ते झाड त्याच संध्याकाळी कापले.

यातूनच मला एक गोष्ट उमगली, जी या विषयावर बोलणाऱ्या दोन्ही बाजूंच्या लोकांच्या बोलण्यात येत नाही. आपल्याकडेही ‘जर्मनीसारखे घरी लावू द्या’ म्हणणारे आहेत, आणि त्यांतले काही जण देशी वाण वाचवण्याची भाषा करतात. पण तीन कुंड्यांत वाण वाचत नाही. वाऱ्याने परागीभवन होणाऱ्या पिकाचा वाण म्हणजे एक झाड नव्हे, तो शेकडो झाडांचा मेळ असतो. प्रत्येक झाड थोडे वेगळे. बाजरीचा सरळ, म्हणजे संकरित नसलेला, वाण राखायचा तर आम्ही मोठा प्लॉट घेतो, शेजारच्या बाजरीपासून पुरेसे अंतर ठेवतो आणि बी पुष्कळ झाडांवरून निवडतो. दोनचार झाडांवरचे बी धरत गेले तर काही पिढ्यांत पीक खुजे, रोगट होते. आणि तीन कुंड्यांत तर तिन्ही माद्या, नर नाहीच, म्हणजे बीही नाही. दरवर्षी पाकीट विकत. घरच्या लागवडीने माणसाला झाड मिळते, बियाण्याची मालकी कंपनीकडेच राहते. मोकळीक द्यावी की नाही हा वाद वेगळा. तो उद्या सुटला तरी गावरान बी राखण्याचे काम आपोआप होणार नाही, आणि तोवर ते बी शिल्लक असेल याची मला खात्री वाटत नाही.

खात्री का वाटत नाही, तर मोरोक्कोमुळे. तिथल्या रीफ डोंगरात पिढ्यान्‌पिढ्या गांजा पिकतो. तिथल्या जुन्या वाणाला ‘बेलदिया’ म्हणतात, म्हणजे आपल्या भाषेत ‘गावरान’. कोरडवाहू, लवकर येणारा, नशेला सौम्य. गेल्या वीसेक वर्षांत तिथे बाहेरचे संकरित बी आले. उत्पन्न जास्त, राळ जास्त, पण पाणी भरमसाट लागते, आणि डोंगरातल्या झऱ्यांवर पाइप पडले. आता 2021 च्या कायद्याने परवान्याची शेती सुरू झाल्यावर त्यांना बेलदियाची आठवण झाली आहे. पण ज्या खोऱ्यांत दोन्ही शेजारी शेजारी फुलत होते तिथे बेलदिया किती निर्भेळ उरला असेल? मोरोक्कोतल्या गांज्याचे परागकण समुद्र ओलांडून स्पेनमधल्या मालागा शहराच्या हवेत सापडले आहेत. दोनशे मीटर अंतराने निर्धास्त होणाऱ्या माझ्यासारख्या बाजरीवाल्याला ही गोष्ट पचायला दोन दिवस लागले.

आपल्याकडे कुलूच्या पार्वती खोऱ्यात, केरळच्या इडुक्कीत, सातपुड्याच्या पायथ्याला जी झाडे आहेत, त्यांच्या शेजारी कोणी टपालाने आलेली चार बिये लावली तर त्या रानाचे पुढे काय होईल हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. जगभरातल्या 110 नमुन्यांचे जनुकवाचन करून 2021 मध्ये एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. या पिकाची सुरुवात सुमारे 12 हजार वर्षांपूर्वी पूर्व आशियात झाली आणि त्याचा शुद्ध रानटी पूर्वज बहुधा नष्ट झाला आहे, असा त्याचा निष्कर्ष आहे. रानटी पूर्वज गेला म्हणजे मागे उरले ते गावोगावचे जुने वाणच.

बी हरवले की काय होते ते मी घरात पाहिले आहे. आमच्या आजीकडे बाजरीचे मडके असे. चांगली कणसे निवडून, राख मिसळून, तोंड शेणाने लिंपून ते कणगीमागे ठेवलेले. 1960 च्या दशकाच्या शेवटी वडिलांनी संकरित एचबी-3 आणली. पहिल्या दोन वर्षांत खळ्यावर रास मावेना. आजीचे मडके रिकामे झाले ते कोणाच्या लक्षातही आले नाही, कारण बी दरवर्षी दुकानातून येत होते. मग केवडा हा रोग आला. कणसाच्या जागी नुसती हिरवी पालवी. मी सतरा वर्षांचा होतो. वडील बांधावर बसून एक एक कणीस हातात धरून पाहत होते, ते चित्र माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. पुढे शिकल्यावर कारण कळले. एचबी-1 पासूनच्या त्या सगळ्या संकरितांची आई एकच होती, अमेरिकेतल्या टिफ्टन गावी तयार झालेली टिफ्ट 23ए. तिला केवड्याशी लढता येत नव्हते, म्हणून देशभर सगळ्या लेकी एकदम बसल्या. वडिलांनी गावभर गावरान बी शोधले. मिळाले ते पायलीभरही नव्हते.

आणि सावरलो कशाने? पुढे महाराष्ट्रात पसरलेला आयसीटीपी 8203 हा वाण आफ्रिकेतल्या टोगो देशाच्या ‘इनियाडी’ नावाच्या गावरान बाजरीतून निवडलेला. त्याच्यातूनच पुढे लोहयुक्त ‘धनशक्ती’ आली, 2014 मध्ये ती देशभरासाठी प्रसारित झाली. टोगोतल्या कोणत्या तरी आजीने तिचे मडके रिकामे होऊ दिले नाही आणि कोणी तरी ते बी नेऊन जनुकपेढीत ठेवले, म्हणून आज माझ्या नातवंडांच्या ताटात ती भाकरी आहे.

गांज्याच्या बाबतीत पैदासकारांनी गेल्या पन्नास वर्षांत एकच दिशा धरली, नशा वाढवण्याची. अमेरिकेत जप्त झालेल्या मालाची मिसिसिपी विद्यापीठात तपासणी होते. त्यात टीएचसीचे, म्हणजे नशा आणणाऱ्या द्रव्याचे प्रमाण 1995 मध्ये सुमारे 4 टक्के होते, 2014 मध्ये सुमारे 12 टक्के झाले. त्याच काळात सीबीडी, जे नशा आणत नाही आणि ज्यापासून अपस्माराच्या काही प्रकारांवर औषध तयार झाले आहे, ते घटत गेले. तरुण मुलांच्या मेंदूला या जहाल मालाचा धोका जास्त आहे. पालकांनी हे मनावर घ्यावे, ‘आमच्या वेळी साधूबुवा ओढायचेच की’ असे म्हणून सोडून देऊ नये. तो गांजा आणि बॅगेत येणारा हा माल यांत फार अंतर पडले आहे.

उलट दिशेने पैदास करणे अवघड नाही, ही माझ्या धंद्यातली गोष्ट आहे म्हणून ठासून सांगतो. नेदरलँड्स आणि इटलीमधल्या शास्त्रज्ञांनी 2003 मध्ये दाखवले की टीएचसीप्रधान आणि सीबीडीप्रधान झाडांचा संकर केला की दुसऱ्या पिढीत एकास दोनास एक असे मेंडेलचे गुणोत्तर मिळते, म्हणजे चारांत एक टीएचसीचे, दोन मिश्र आणि एक सीबीडीचे. कृषी महाविद्यालयाच्या दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थी जे वाटाण्यावर शिकतो तेच. म्हणजे सौम्य, औषधी किंवा धाग्याचा वाण काढणे हे निवडीचे काम आहे. फक्त निवड करायला वेगवेगळ्या झाडांचा ढीग हवा. उत्तराखंडने 2018 पासून धागा आणि बियांसाठी लागवडीला परवाने दिले, टीएचसीची मर्यादा 0.3 टक्के ठेवली. डोंगरातल्या स्थानिक झाडांत ते प्रमाण सहज ओलांडले जाते, त्यामुळे मर्यादेत बसणारे बी आणायचे कुठून हाच तिथला कळीचा प्रश्न होऊन बसला. आपल्याच रानातल्या हजार झाडांची आधी तपासणी झाली असती, तर कदाचित त्यांतच सापडले असते. हिमाचलमध्ये आता पालमपूर आणि नौणीच्या विद्यापीठांकडे प्रायोगिक काम सोपवले आहे, जम्मूच्या केंद्रीय प्रयोगशाळेतही संशोधन चालू आहे. महाराष्ट्रात मात्र चार कृषी विद्यापीठे असूनही या पिकाचे नाव काढायला संकोच वाटतो. तो संकोच मलाही होता. तेहतीस वर्षे होता.

धुळ्याला असताना एकदा रस्त्यात एक ट्रॅक्टर-ट्रॉली उभी होती. कापूस आणि तुरीच्या ओळींत लपवलेली गांज्याची झाडे पोलिसांनी उपटून भरली होती. मी स्कूटर थांबवली. काही झाडांची खोडे जांभळट, काहींची हिरवी. काही दहा फुटांची, काही फांद्यांनी डवरलेली. एका शेतातल्या झाडांत इतका फरक! त्या शेतात कोणी तरी घरचे बी धरत होते याची ती खूण होती. काही कणसाळलेल्या शेंड्यांत पक्व बीही दिसत होते. माझ्या खिशात बटर पेपरच्या पिशव्या होत्या आणि मी एक शब्द न बोलता निघून आलो. झाडे जाळली गेली.

म्हणून माझी मागणी एवढीच आहे, आणि ती आताच्या कायद्यात बसते. कायद्यातली गांज्याची व्याख्या फुलोऱ्याच्या शेंड्यांना लागू होते, शेंड्यांपासून वेगळे असलेले बी तिच्यातून वगळलेले आहे. शास्त्रीय उपयोगाला कलम 8 मध्ये वाट ठेवलेली आहे आणि लागवडीला परवानगी देण्याचा अधिकार कलम 10 ने राज्याला दिलेला आहे. राष्ट्रीय वनस्पती जनुकसंपदा संस्थेचे केंद्र आपल्या अकोल्यातच आहे. गृह आणि कृषी या दोन खात्यांनी बसून एवढे ठरवावे की शेतातून उपटलेली झाडे न्यायालयाच्या आदेशाने नष्ट करण्याआधी, पंचांसमक्ष, पक्व बियांची एक मूठ वेगळी काढून सीलबंद अकोल्याला जाईल. सोबत एक कागद: गाव, तालुका, जमीन काळी की मुरमाड, तारीख, झाडाची उंची, खोडाचा रंग, पान रुंद की अरुंद, शेजारचे पीक. शेतकऱ्याचे नाव त्या कागदावर नको, त्याचा खटला वेगळा चालू द्या. कोणते बी गावरान आणि कोणते बाहेरच्या पाकिटातून आलेले, हे पुढे प्रयोगशाळा पाहून घेईल. एका विद्यापीठाच्या बंदिस्त, राखणीच्या प्रक्षेत्रावर परवानगीने ते वाढवून त्यांतले सौम्य कोणते, रोगाला टिकणारे कोणते, धाग्याचे कोणते याच्या नोंदी कराव्यात. कोणालाही बी वाटायचे नाही, विकायचे नाही, फक्त राखायचे.

पाने मोजायला, पिशव्या घालायला आणि नोंदी तपासायला माणूस हवा असेल तर मी येईन. मानधन नको, एसटीचे भाडे माझे मी करीन. येत्या खरिपात सुरुवात झाली तर दिवाळीच्या सुमारास पहिले बी हाती येईल, आणि बाल्कनीतल्या त्या गृहस्थांना मला एक पत्र लिहायचे आहे.

आपला,
एक निवृत्त बाजरी पैदासकार, नगर
(नाव व पत्ता सोबत स्वतंत्र कागदावर दिला आहे. विषय पाहता तो छापू नये, ही विनंती.)